सियाऊचा खर्च

मानाडोच्या धक्क्यावर आम्ही लखपती होतो.
सुहृदच्या पाकिटात सव्वीस लाख,
आणि उजव्या चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.
इथल्या नोटांवर शून्यं फार.
एक शहाळं पंधरा हजार.
तो वहीत तीन शून्यं खोडतो, पाचानं गुणतो,
पेन्सिल कानावर ठेवून म्हणतो,
"परवडेल. दुपारी केळी खाल्ली तर."

रात्रीची बोट. खालच्या डेकवर
नंबर घातलेल्या गाद्या: एकशे बारा, एकशे तेरा.
एकशे चौदावर खोक्यात एक कोंबडा.
त्याचं तिकीट काढलंय की नाही
हे सुहृदला पहाटेपर्यंत छळत राहिलं.
मी कोंबड्याकडे पाठ करून झोपले,
इंजिन माझ्या दातांत वाजत होतं.

उजाडलं तेव्हा समोर
समुद्रातून तडक वर गेलेला डोंगर,
आणि त्याच्या पायाशी, कडेकडेनं,
पंगतीत उशिरा आलेल्यांसारखी
अंग चोरून बसलेली घरं.

तांते सेल्फिनाची खोली दीड लाखाला,
पंख्याचे वीस हजार निराळे.
ती पहाटे पत्र्यावरची राख झाडते,
मग रस्त्यावर ताडपत्री पसरून
जायपत्री वाळत घालते.
लाल, ओली, जिभेसारखी.
मोटरसायकली वळसा घालून जातात,
हॉर्न वाजवत नाहीत.

तिनं एक फळ माझ्या हातात फोडलं.
पिवळा गर, त्यात ही लाल जाळी, त्यात काळं कवच,
आणि कवचात ते,
जे आमच्या मसाल्याच्या डब्यात
लग्नापासून एकच आहे, अजून अर्धं उरलेलं.
श्रीखंडाला वर्षातून दोनदा किसायचं.
सहाणेवर उगाळून चाटवायला
घरात कुणी लहान नाही.
मला वाटायचं, ते असंच येतं, करडं, सुरकुतलेलं.
त्याला अंग असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

भांडण तिसऱ्या दिवशी झालं.
रिंतो म्हणाला, रात्री आग दिसते तिथं नेतो, तीन लाख.
सुहृद म्हणाला, डोंगर काय त्याच्या बापाचा?
मी म्हणाले, आयुष्यभर तू असाच,
दाराशी येऊन घासाघीस करणारा.
हे मी डोंगराबद्दल बोलत नव्हते.
त्यालाही ते कळलं.

मग चालतच गेलो, बॅटरीच्या उजेडात, न बोलता.
जिथं रस्ता संपला तिथं काळा दगड गोठून बसला होता,
घरभर उंच, फटींत नेचे फुटलेले.
चर्चच्या पायरीवर टेकलो.
वर अंधारात
एक लाल ठिणगी सुटली, गडगडत आली, तुटली,
तिच्या मागे दुसरी.
आवाज नंतर पोचला,
शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवावं तसा.

तांते सेल्फिना छत्री घेऊन आली,
केळीच्या पानात मासा, साबुदाण्याची भाकरी.
"फुकट आहे, बघा पोटभर," म्हणाली,
"फक्त तो बिल कधी पाठवेल ते सांगत नाही."
छत्रीच्या टोकानं तिनं काळा दगड दाखवला.
"ह्याच्याखाली माझी चूल. सतरा झाडं."
मी सुहृदचा हात शोधला. तो आधीच जवळ होता,
माशाच्या तेलानं माखलेला.
"नवी लावलीत," ती म्हणाली,
"सात वर्षांनी धरतात."
आणि मिरची जास्त झाली का, ते विचारलं.

निघताना सुहृदनं दोन नोटा जास्त ठेवल्या.
तिनं मोजल्या, दोन्ही परत केल्या,
वर आणखी वीस हजार:
सोमवारी रात्री वीज नव्हती, पंखा फिरला नाही.

परतीच्या बोटीत तो झोपल्यावर मी वही उघडली.
मासा, भाकरी: घेतले नाहीत.
पंख्याचे परत: वीस हजार.
डोंगर: असं लिहून पुढची जागा कोरी,
पेन्सिल बराच वेळ टेकवल्याचा एक ठिपका.
आणि शेवटी, बारीक अक्षरात,
खलाशाला विचारलं.
कोंबड्याला अर्धं तिकीट पडतं.